नागपूर करार : एका वचनाचे वाचन

'करार' हा शब्द ख्रिस्ती मराठी कानांना थोडा निराळा ऐकू येतो. इतरांच्या लेखी तो कचेरीतला, मुद्रांकाच्या कागदावरचा शब्द आहे. आपल्याला तो पवित्र शास्त्राच्या पानांवर भेटतो. जुना करार आणि नवा करार अशी शास्त्राची विभागणी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि मिस्सेत प्याला उंचावला जातो तेव्हाही कराराचाच उच्चार होतो. त्या ठिकाणी कराराचा अर्थ देवघेव असा नसतो. ज्याने वचन दिले त्याने स्वतःला त्या वचनाशी बांधून घेतले, एवढा भारदस्त अर्थ त्या शब्दामागे उभा असतो. अशा सवयीच्या कानांनी महाराष्ट्राच्या राजकीय इतिहासातील एक करार वाचून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा करार म्हणजे २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार. स्वतंत्र विदर्भाची मागणी वर्तमानपत्रांत डोकावली की या कराराचे नाव निघते. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते, मोर्चे निघतात, घोषणा होतात, आणि अधिवेशन संपले की सारे पुन्हा शांत होते. पुण्यात बसून हे वाचणाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोन प्रकारची असते. काहींना त्यात राज्यद्रोह दिसतो, तर काहींना पुढाऱ्यांचा वार्षिक खेळ दिसतो. मूळ कागद मात्र फारच थोड्यांनी वाचलेला असतो. साहित्याच्या त्रैमासिकात राजकीय दस्तऐवजाची समीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यावर उत्तर इतकेच की करार हीही भाषेची एक कृती आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, कोणते क्रियापद वापरले, काय सांगायचे राहून गेले, हे प्रश्न समीक्षक कवितेला विचारतो. ते कराराला विचारले तर लोकांच्या वैतागाचे मूळ सापडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रथम पार्श्वभूमी. संयुक्त महाराष्ट्राची मागणी साहित्यिकांच्या व्यासपीठावरून पुढे आली, ही गोष्ट मराठी माणूस अभिमानाने सांगतो. १९४६ साली बेळगावच्या साहित्य संमेलनात तसा ठराव झाला, आणि त्या संमेलनाचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे नागपूरच्या 'तरुण भारत'चे संपादक होते. म्हणजे एकीकरणाचा उच्चार करणाऱ्यांत विदर्भाचा आवाज पहिल्या रांगेत होता. त्याच विदर्भात लोकनायक बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे नेते स्वतंत्र विदर्भाची बाजू मांडत होते. दोन्ही मतांचा मेळ घालण्यासाठी ८ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठवडाभर आधी, अकोला करार झाला. त्यात एका प्रांताच्या पोटी उपप्रांत असावेत अशी कल्पना होती. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यानंतर सहा वर्षांनी भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण आदी नेते आणि विदर्भ व मराठवाड्याचे प्रतिनिधी एकत्र बसले व नागपूर करार झाला.

पुढे १९५५ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाने विदर्भाचे स्वतंत्र राज्य करावे अशी शिफारस केली. ती मान्य झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशातील आठ मराठी जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि नागपूर शहराने राजधानीचे स्थान गमावले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो, कारण त्यावरून नागपूर कराराचे स्वरूप कळते. 'तुम्ही आमच्यासोबत या' असे म्हणणाऱ्याने, येण्यास कचरणाऱ्याला दिलेला तो शब्द होता. त्याच्या मोबदल्यात समोरच्याने आपली राजधानी सोडली.

आता संहितेकडे वळू. कराराची कलमे अकरा. सर्व सलग मराठी प्रदेशाचे एक राज्य व मुंबई ही त्याची राजधानी, हे पहिले. विकास आणि प्रशासन यांसाठी महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे तीन घटक मानले जातील. निधीचे वाटप घटकांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात होईल. मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष दिले जाईल. त्याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे मांडला जाईल. मंत्रिमंडळातील स्थाने, शासकीय नोकऱ्या, धंदेशिक्षण व शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांतील प्रवेश, हे सारे लोकसंख्येच्या प्रमाणात राहील. उच्च न्यायालयाचे मुख्य ठाणे मुंबईस व दुसरे नागपूरला असेल. शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपुरास हलेल आणि विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन तेथे भरेल.

प्रथमदर्शनी हा दस्तऐवज प्रामाणिक वाटतो, आणि तो तसा असावा. त्यातील भाषा साधी आहे. कुठे पाल्हाळ नाही. दुबळ्या घटकाला काय हवे आहे हे लिहिणाऱ्यांना नेमके ठाऊक होते : पैसा, नोकरी, शिक्षण, न्याय आणि सत्तेचे सान्निध्य. परंतु सावकाश वाचताना तीन गोष्टी खटकू लागतात.

पहिली गोष्ट क्रियापदांची. होईल, राहील, दिले जाईल, मांडले जाईल, अशी सारी रचना आहे. कोण करील? केव्हापर्यंत करील? न केल्यास काय? या तीन प्रश्नांना करारात जागा नाही. व्याकरणात ज्याला आपण कर्मणी प्रयोग म्हणतो त्याची एक सोय अशी की काम सांगता येते आणि कर्ता लपवता येतो. कर्ता नसलेल्या वाक्याचा जाब कोणाला विचारायचा?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. निधीवाटपाचे कलम थेट वचनाने सुरू होत नाही. त्याच्या आरंभी एक अट आहे : एकाच शासनाच्या गरजा सांभाळून हे वाटप होईल. म्हणजे वचन उच्चारण्याआधीच त्यातून बाहेर पडण्याची वाट करून ठेवलेली आहे. शासनाच्या गरजा कोणत्या हे शासनच ठरवणार. मग प्रमाण पाळले गेले नाही तरी करार मोडला असे कोणास म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट संविधानात दिसते. नागपूर करार हा राजकीय समझोता होता. न्यायालयात त्याचे बळ चालणारे नव्हते. १९५६ साली सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडात विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळांची आणि राज्यपालांच्या विशेष जबाबदारीची तरतूद आली. करारातील मजकूर आता संविधानाच्या पानावर चढला, असे वाटून समाधान व्हावे. पण दोन संहिता शेजारी ठेवून वाचल्या तर फरक लक्षात येतो. करारातील 'लोकसंख्येच्या प्रमाणात' हा मोजता येणारा निकष गेला आणि 'न्याय्य' हा मोजता न येणारा शब्द आला. वाट मोकळी ठेवणारी अट तेवढी टिकली. ती आता संपूर्ण राज्याच्या गरजांच्या अधीन राहून अशा रूपात आली. शिवाय राष्ट्रपती अशी जबाबदारी सोपवू शकतील, असे म्हटले आहे. सोपवतील असे म्हटलेले नाही. त्या 'शकतील' या एका शब्दात अडतीस वर्षे गेली. मंडळांसाठी विधिमंडळाने १९८४ मध्ये ठराव केला आणि मंडळे अस्तित्वात आली ती १९९४ मध्ये. त्यांची मुदत वेळोवेळी वाढवली गेली आणि ३० एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीच्या दिवसांत, ती वाढीविना संपली. मंडळे पुन्हा स्थापावीत असा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये घेतला. म्हणजे मूळ तरतुदीनंतर सहासष्ट वर्षांनी पुन्हा विनंतीच करावी लागली.

अकरा कलमांपैकी एकाचे पालन मात्र बहुतेक नियमाने झाले. ते कलम नागपूरच्या अधिवेशनाचे. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने मुंबईत घेतली गेली, असे काही अपवाद. हे कलम का पाळले गेले, याचाही विचार करावा. ते डोळ्यांना दिसणारे होते, तारखेचे होते, न पाळल्यास त्याच दिवशी बोभाटा झाला असता. निधीच्या प्रमाणाचे तसे नव्हते. ते हिशोबाच्या वह्यांत दडलेले होते आणि उघडकीस येण्यास वर्षे लागत.

ते उघडकीस आणण्याचे काम पुण्याने केले, ही गोष्ट पुणेकर वाचकांनी विसरू नये. १९८३ साली शासनाने प्रादेशिक असमतोलाची पाहणी करण्यासाठी सत्यशोधन समिती नेमली. तिचे अध्यक्ष प्रा. वि. म. दांडेकर हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील नामांकित अर्थतज्ज्ञ. नीलकंठ रथ यांच्यासोबत त्यांनी केलेला भारतातील दारिद्र्याचा अभ्यास १९७१ पासून देशभर गाजला होता. समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला. रस्ते, पाटबंधारे, विजेचे पंप, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढून, तीपेक्षा जो जिल्हा जितका मागे, तितकी त्याची तूट रुपयांत मांडली. एकूण तूट सुमारे ३,१८७ कोटी रुपयांची निघाली. तीपैकी सुमारे ३९ टक्के विदर्भाची, साडेतेवीस टक्के मराठवाड्याची आणि उरलेली सुमारे ३७ टक्के उर्वरित महाराष्ट्राची. या तुटीला 'अनुशेष' हा शब्द मिळाला.

साहित्याच्या दृष्टीने या शब्दाचा प्रवास अभ्यासण्यासारखा आहे. अनुशेष हा संस्कृत वळणाचा, परिभाषेचा शब्द. शिल्लक राहिलेले, इतकाच त्याचा अर्थ. अहवालातून तो वर्तमानपत्रांत आला, तेथून भाषणांत, आणि विदर्भातल्या चहाच्या टपरीवर तो सहज बोलला जाऊ लागला. एखाद्या प्रदेशाच्या दुःखाला स्वतःचा शब्द सापडतो तेव्हा ते दुःख बोलके होते. पण या शब्दाने एक नुकसानही केले. दुःख मोजले गेले आणि मोजल्याबरोबर ते पैशाचे झाले. मग राजकारण्यांना उत्तर देणे सोपे गेले. अमुक कोटींचा अनुशेष भरून काढला, तमुक कोटींचा राहिला, पुढील अर्थसंकल्पात तरतूद करू. शब्द मोडला गेला ही मूळ तक्रार त्या आकड्यांखाली झाकली गेली.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाचे उदाहरण घ्यावे. १९८८ मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. तो पुढे हजारो कोटींत गेला आणि तीस वर्षांनंतरही कालव्यांची कामे पुरी झालेली नव्हती. पायाभरणीच्या दिवशी ज्याने मुलाला खांद्यावर बसवून सभा दाखवली असेल त्या शेतकऱ्याचा नातू शेत कसायच्या वयाचा झाला, तरी पाटाला पाणी नाही. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींची मदत जाहीर झाली. रक्कम लहान नव्हती. परंतु ज्याचा आधीच्या शब्दावरचा विश्वास उडाला आहे तो नव्या रकमेकडे संशयानेच पाहतो.

२०११ मध्ये नेमलेल्या डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये आणखी एक अहवाल दिला. म्हणजे करारानंतर अहवाल, अहवालानंतर समिती, समितीनंतर पुन्हा अहवाल, अशी ही गद्याची परंपरा आहे. तिच्यातील अभ्यास सच्चा आहे, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की तिच्यात ज्यांच्याबद्दल लिहिले ते लोक कुठे बोलताना ऐकू येत नाहीत.

लोकांनी आपले म्हणणे मतपेटीतून सांगितले नाही असेही नाही. १९६२ मध्ये वयोवृद्ध बापूजी अणे यांना नागपूरने अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले. १९७१ मध्ये विदर्भवादी जांबुवंतराव धोटे फॉरवर्ड ब्लॉकच्या वतीने तेथूनच निवडून आले. १९८० मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसचे खासदार झाले. वसंत साठे, एन. के. पी. साळवे हे काँग्रेसचे ज्येष्ठ नेते वेगळ्या विदर्भाची बाजू मांडत राहिले आणि त्यांचा पक्ष ती न स्वीकारता पुढे जात राहिला. भारतीय जनता पक्षाने १९९७ मध्ये भुवनेश्वर येथे स्वतंत्र विदर्भाचा ठराव केला. २००० साली केंद्रात त्याच पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने छत्तीसगड, उत्तरांचल व झारखंड ही तीन राज्ये निर्माण केली. विदर्भ त्या यादीत नव्हता, कारण मित्रपक्ष शिवसेनेचा विरोध होता. २०१४ मध्ये नागपूरचे देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले आणि ठराव ठरावाच्या जागी राहिला. बनवारीलाल पुरोहित काँग्रेसमधून भाजपमध्ये आले, पुढे स्वतःचा विदर्भवादी पक्ष काढला, मग पुन्हा भाजपमध्ये गेले आणि राज्यपाल झाले. बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांची गोष्ट मात्र वेगळी. राज्याचे महाधिवक्ता असताना त्यांनी या प्रश्नावर मत मांडले आणि मार्च २०१६ मध्ये पद सोडले. या साऱ्या यादीत मतासाठी किंमत मोजणारा माणूस विरळाच सापडतो.

संघातून बाहेर पडण्याच्या प्रश्नावर जनता पुढाऱ्यांना विटते, हे केवळ आपल्याकडचे नाही. २३ जून २०१६ रोजी ब्रिटनमधील ५२ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याच्या बाजूने मत दिले आणि प्रत्यक्ष बाहेर पडण्यास ३१ जानेवारी २०२० उजाडले. त्या साडेतीन वर्षांत दोन पंतप्रधान पायउतार झाले. बाहेर पडू इच्छिणारे चिडले, कारण ते लांबले; राहू इच्छिणारे चिडले, कारण आपल्याला खोटे सांगून हे घडवले असे त्यांना वाटले. तरीही त्या लोकांना थेट प्रश्न विचारला गेला होता. आपल्या शेजारच्या गोव्यातही १६ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्रात विलीन व्हायचे की नाही याचा जनमत कौल झाला, आणि पुण्यातील अनेक गोवेकर कुटुंबांत त्याच्या आठवणी सांगितल्या जातात. विदर्भाला असा प्रश्न कधी विचारला गेला नाही. 'हो' म्हणण्याची वा 'नाही' म्हणण्याची संधीच ज्याला मिळाली नाही, त्याचा वैताग ओसरायला जागा मिळत नाही.

या ठिकाणी पवित्र शास्त्रातील एका कथेचे स्मरण होते. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातील ही कथा आपल्या प्रवचनांत फारशी येत नाही. शलमोन राजा मरण पावला आहे. त्याने मंदिर बांधले, राजवाडा बांधला, आणि त्यासाठी लोकांवर वेठीचे ओझे घातले. त्याचा पुत्र रहबाम राज्याभिषेकासाठी शखेम येथे जातो. उत्तरेकडील वंशांचे लोक यराबामाला पुढे करून त्याच्याकडे येतात आणि एकच विनंती करतात : तुझ्या पित्याने घातलेले जू हलके कर, आम्ही तुझी सेवा करू. राजा तीन दिवसांची मुदत मागतो. वृद्ध मंत्री सांगतात की आज तू या लोकांचा सेवक हो, ते सदैव तुझे राहतील. त्याच्याबरोबर वाढलेले तरुण सांगतात की त्यांना दटाव. राजा तरुणांचे ऐकतो. दावीदाच्या घराण्यात आमचा काय वाटा, असे म्हणत लोक आपापल्या घराकडे वळतात आणि राज्य दुभंगते.

ही कथा लिहिणाऱ्याचे कसब पाहावे. लोकांच्या पहिल्या विनंतीत वेगळे होण्याचा शब्दही नाही. त्यांना राहायचेच आहे. राहण्याची अट ते सांगत आहेत. वेगळे होण्याची भाषा येते ती नकार ऐकल्यानंतर. त्यानंतर राजा काय करतो? लोकांची समजूत घालायला तो अदोरामाला पाठवतो, आणि अदोराम कोण, तर वेठबिगारीवरचाच अधिकारी. ज्याच्या हातून जाच झाला त्यालाच शांतिदूत म्हणून पाठवण्याइतका तो राजा बहिरा आहे. लोक अदोरामाला दगडांनी मारतात आणि राजा रथात बसून पळ काढतो. पुढे तो सैन्य जमवतो तेव्हा शमाया हा देवाचा माणूस त्याला थांबवतो : हे तुमचे भाऊ आहेत, त्यांच्याशी लढू नका, घरी जा.

कथा एवढ्यावर थांबत नाही, हे तिचे मोठेपण. ज्याच्यामागे लोक गेले तो यराबाम लोकांनी यरुशलेमला जाऊ नये म्हणून बेथेल व दान येथे सोन्याची वासरे उभी करतो. लोकांची तक्रार खरी होती; ती पाठीवर घेऊन सिंहासनावर चढलेल्याचा हेतू मात्र स्वतःची गादी टिकवण्याचा होता. शास्त्रकार एकसंध राज्याची पूजा करीत नाही आणि फुटीर पुढाऱ्याचीही भलामण करीत नाही. त्याची दृष्टी शखेमच्या त्या तीन दिवसांवर खिळलेली आहे, जेव्हा उत्तर वेगळे देता आले असते.

नागपूर कराराला मी शखेमची विनंती म्हणतो. त्यातील प्रत्येक कलम राहण्याची अट आहे. वेगळ्या राज्याची मागणी म्हणजे त्या अटींना मिळालेल्या उत्तराचा प्रतिध्वनी होय, आणि म्हणून ती मागणी केवळ पुढाऱ्यांचा खेळ म्हणून निकालात काढणे अन्यायाचे आहे. त्याचबरोबर, तिचे यराबाम ओळखण्याचा विवेकही विदर्भातील मतदारापाशी आहे. एरवी विदर्भवादी पक्ष तेथे इतक्या वेळा पराभूत झाले नसते.

या वाचनावर आक्षेप घेता येतील. विदर्भाला सत्ता मिळाली नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. मा. सां. कन्नमवार, अकरा वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिलेले वसंतराव नाईक, सुधाकरराव नाईक, फडणवीस, हे सारे मुख्यमंत्री विदर्भाचेच. मग दोष पुण्या-मुंबईला का? हा आक्षेप खरा आहे, आणि त्यामुळेच प्रश्न माणसांचा नसून रचनेचा आहे हे कळते. जी वाक्ये कर्त्याशिवाय लिहिली गेली, ती कोणी मुख्यमंत्री झाला म्हणून पाळली जात नाहीत. दुसरा आक्षेप असा की दांडेकरांच्याच हिशोबात तुटीचा मोठा वाटा उर्वरित महाराष्ट्राचा होता. कोकणातील आणि दुष्काळी पट्ट्यातील जिल्हे काही सुखात नव्हते. तेही खरे. आणि वेगळे राज्य झाले तर नागपूर गडचिरोलीला दिलेला शब्द पाळील, याची हमी कोण देणार?

हमी कशी लिहावी याचा नमुना मराठी साहित्यसंस्थांनी घालून दिला आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ १९६१ साली स्थापन झाले. त्याचे कार्यालय पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद, मुंबई मराठी साहित्य संघ, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ आणि मराठवाडा साहित्य परिषद यांच्याकडे तीन-तीन वर्षांनी फिरते. साहित्यिकांत भांडणे होतात, हे सांगायला नको. तरी तीन वर्षे संपली की कार्यालय हलते, कारण नियमात काळ लिहिला आहे आणि पुढचा कर्ताही ठरलेला आहे. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाला आपला वाटा मागण्यासाठी मोर्चा काढावा लागत नाही. मराठी अभिमानगीत म्हणून आज घरोघरी गायली जाणारी रचना अमरावतीच्या सुरेश भटांची आहे. भाषेच्या घरात कोणी परके नाही.

मराठी साहित्यावर मात्र एक ठपका ठेवावा लागेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने अत्र्यांचे अग्रलेख दिले, अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी दिली. शंभराहून अधिक हुतात्म्यांच्या रक्ताने ती वाणी पवित्र झाली, आणि तिच्यापुढे नतमस्तक व्हावे हेच योग्य. पण एकत्र आल्यानंतर दिलेल्या शब्दाचे काय झाले, यावर त्या तोडीचे लेखन माझ्या वाचनात नाही. एकीचे गाणे आपण लिहिले. एकी निभावण्याचे काम अहवालांवर सोडले. त्यामुळे विदर्भाची तक्रार पुण्याच्या वाचकापर्यंत कोष्टक म्हणून पोहोचते, माणसाचा आवाज म्हणून पोहोचत नाही.

आपल्या ख्रिस्तसभेच्या नकाशाकडेही या निमित्ताने पाहावे. नागपूर १९५३ साली, म्हणजे कराराच्याच वर्षी, महाधर्मप्रांत झाले. अमरावती आणि १९७७ मध्ये निर्माण झालेला औरंगाबाद हे धर्मप्रांत नागपूरच्या कक्षेत येतात. पुणे आणि नाशिक मुंबईच्या कक्षेत. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक वेगळा झाला. त्यास कोणी फितुरी म्हटले नाही आणि नाशिकच्या भाविकांशी आपली सोयरीक तुटली नाही. सीमा आखणे हे सोयीचे काम आहे, आणि बंधुत्व त्या सीमेवर अवलंबून नसते, हे आपण अनुभवाने जाणतो. १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात पोप अकरावे पायस यांनी सांगितले की लहान समूह जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून काढून घेणे हा अन्याय आहे. या शिकवणीतून वेगळे राज्य आपोआप सिद्ध होत नाही. एकत्र राज्यही सिद्ध होत नाही. सिद्ध होते ते इतकेच की वर बसलेल्याने खालच्याला उत्तर द्यायचे आहे.

विदर्भ राहील की जाईल, हे संसद ठरवील. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदाने तो अधिकार तिला दिला आहे. पुण्यातील धर्मग्रामांत राहणाऱ्या आपणास त्यात मत नाही. पण निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार आपल्या दारी येतात आणि आपण त्यांना आपल्या गल्लीतल्या रस्त्याविषयी, पाण्याविषयी विचारतो. त्याच वेळी आणखी एक प्रश्न विचारता येईल : घटकवार निधीचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे मांडण्याचे वचन १९५३ मध्ये दिले होते, तो अहवाल आपण शेवटचा केव्हा वाचलात? ज्यांच्या बाजूने शब्द दिला गेला त्यांच्यात आपले पुणेही होते. तेव्हा हा प्रश्न नागपूरकरांनी विचारण्याची वाट न पाहता आपणच विचारणे उचित ठरेल.